पाहुण्यांच्या गटांना आकाशदर्शन घडवताना रात्र कशी आखावी?

प्रश्न

नमस्कार मंडळी. वस्तीच्या दिव्यांपासून बऱ्यापैकी लांब असलेल्या मोकळ्या जागेवर मुक्कामाला येणाऱ्या गटांसाठी आकाशदर्शन सुरू करतोय. एका वेळी पंचवीस ते पस्तीस माणसं असतील. त्यात पाच-सहा वर्षांच्या मुलांपासून ऐंशीच्या आजी-आजोबांपर्यंत सगळे. मला स्वतःला आकाश ओळखता येतं, हाताने फिरवायची आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे आणि एक १०×५० बायनॉक्युलर आहे. पण एकट्याने बघणं वेगळं आणि तीस जणांना दाखवणं वेगळं, हे आता आखणी करायला बसल्यावर कळतंय.

विचारायचं ते असं. यापेक्षा मोठी किंवा आपोआप तारा शोधणारी दुर्बीण घ्यावी का? दोन-अडीच तासांत किती गोष्टी दाखवाव्यात? तारीख कशी ठरवावी? आणि लोक रंगीबेरंगी फोटो पाहून येतात, त्यांना दुर्बिणीतून राखाडी धूसर ठिपका दिसला की हिरमोड होतो. त्यांना काय सांगावं?

प्रतिसाद १

दुर्बीण आहे तीच ठेवा. आठ इंच आरसा पाहुण्यांसाठी भरपूर झाला. मी गेली कित्येक वर्षं अशा गटांना आकाश दाखवते आहे आणि माझं ठाम मत आहे की रात्र दुर्बिणीच्या आकारावर उभी राहत नाही. ती दोन गोष्टींवर उभी राहते: लोकांचे डोळे अंधाराला किती सरावलेत आणि रांग किती वेगाने पुढे सरकते. पैसा आणि डोकं या दोन गोष्टींवर खर्च करा.

आधी अंधाराचं सांगते. मंद उजेडात आपण डोळ्यांतल्या दंडपेशींनी बघतो. त्यांच्यातलं ऱ्होडोप्सिन हे द्रव्य प्रखर उजेडात मोडतं आणि पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं घेतं. म्हणजे नऊ वाजता कुणी मोबाइलचा टॉर्च लावला, तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांचा साडेनऊपर्यंतचा वेळ गेला. तांबड्या उजेडाचा दंडपेशींवर फारच कमी परिणाम होतो, म्हणून वाटेवर, पायऱ्यांवर आणि तुमच्या हातात फक्त मंद तांबडे दिवे असू द्या. साध्या टॉर्चवर तांबडा जिलेटिन कागद लावायचा तर एका थराने भागत नाही, तीन-चार थर लावा आणि उजेड जमिनीकडेच पडेल असा धरा. मोबाइल खिशात ठेवायला सांगताना कारणही सांगा. कारण कळलं की मोठी माणसं पाळतात आणि मुलं तर दुसऱ्यांवर पहारा ठेवतात!

गाड्या हा मोठा त्रास असतो. उशिरा येणाऱ्याचे हेडलाइट सगळ्यांच्या तोंडावर येतात. गाड्या लांब आणि तोंड बाहेरच्या दिशेने करून लावायला सांगा, म्हणजे निघताना मागचे पांढरे दिवे लावून वळवावं लागत नाही. आणि यायची वेळ ठरवून टाका. त्या वेळेनंतर येणाऱ्याला गाडी लांब सोडून चालत यावं लागेल, हे नोंदणी करतानाच कळवा.

आता पहिला अर्धा तास. या अर्ध्या तासात दुर्बिणीवर झाकणच राहू द्या. लोकांना सतरंजीवर आडवं व्हायला सांगा, म्हाताऱ्या माणसांना मागे कलणाऱ्या खुर्च्या द्या. तोवर डोळे तयार होतात आणि आकाशाशी ओळखही होते. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश मोजता येतात, करंगळीच्या नखाने एक अंश. हे एकदा शिकवलं की ‘त्या तेजस्वी ताऱ्याच्या दोन मुठी वर’ एवढं सांगितलं तरी तीसच्या तीस जण बरोबर ताऱ्यावर पोचतात. चंद्र असेल तर तो करंगळीने झाकून बघायला लावा. चंद्र अर्ध्याच अंशाचा आहे, करंगळीमागे सहज लपतो, आणि लोकांना ते खरंच वाटत नाही.

सप्तर्षी वर असतील तर मी सुरुवात वसिष्ठ-अरुंधतीपासून करते. नुसत्या डोळ्यांनी दोघांना वेगळं बघायचं, मग बायनॉक्युलर फिरवायचं, आणि नंतर दुर्बीण उघडली की त्याच वसिष्ठावर लावायची. दुर्बिणीत एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांत फुटलेला दिसतो. दुर्बिणीतून जोडी म्हणून ओळखला गेलेला हा पहिला तारा, १६१७ साली. पुढे वर्णपटावरून कळलं की त्या दोन्ही ठिपक्यांत पुन्हा जोड्या आहेत, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक जोडीदार सापडला. म्हणजे डोळ्यांना दोन दिसतात तिथे सहा तारे आहेत. एकच जागा, पण डोळा, बायनॉक्युलर आणि दुर्बीण प्रत्येक जण काय काय देतो ते लोकांना आपोआप समजतं. दुर्बीण म्हणजे काय यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

आडवं पडून असतानाच मी ‘तुमच्या वयाचा तारा’ हा भाग घेते, आणि सगळ्या रात्रीत लोक सर्वांत जास्त यातच रमतात. एखादा तारा २५ प्रकाशवर्षं दूर असेल तर आज डोळ्यात शिरणारा प्रकाश तिथून २५ वर्षांपूर्वी निघालेला असतो. मग मी वयं विचारत जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला व्याध (८.६ प्रकाशवर्षं), अकरा-बारा वर्षांच्याला प्रश्वा, सतराच्या आसपास श्रवण, पंचविशीला अभिजित, चौतीसला पुनर्वसूतला तेजस्वी तारा, सदतीसला स्वाती, त्रेचाळीसला ब्रह्महृदय, पासष्टला रोहिणी, एकोणऐंशीला मघा. अर्थात हे सगळे एका रात्री दिसत नाहीत. त्या मोसमात जे वर असतील त्यांची यादी आधी करून ठेवा. आपला तारा सापडला की माणूस त्याच्याकडे निराळ्या नजरेने बघतो. ऐंशीला आलेल्या एका आजींना मघा दाखवली आणि म्हटलं, तुम्ही पाळण्यात होता तेव्हा हा प्रकाश तिथून निघालाय. त्यांनी नातवाला जवळ ओढलं आणि त्याचं बोट धरून त्याला तो तारा दाखवला. पुढची दहा मिनिटं मी काहीच बोलले नाही, त्याच सगळ्यांना सांगत होत्या.

आता रांग. हिशोब आधीच करून ठेवा, कारण इथेच बहुतेक रात्री कोलमडतात. चढणं, डोळा लावणं, बघणं, उतरणं धरून माणशी एक मिनिट लागतंच. तीस जण म्हणजे एका गोष्टीला अर्धा तास. एका दुर्बिणीवर दोन तासांत चारच गोष्टी होतात, आणि रांगेत उभी असलेली मुलं तोवर कंटाळून धावायला लागतात. म्हणून गटाचे दोन भाग करा. अर्धे दुर्बिणीपाशी, अर्धे बायनॉक्युलर घेऊन सतरंजीवर दुसऱ्या माणसाबरोबर. सोबतीला एक तरी जाणकार हवाच. एकट्याने तीस जण सांभाळू नका.

शिवाय पृथ्वी फिरते आहे, तुमचं लक्ष्य नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगातून, निसटत राहणार. पन्नासपट वर्धनाला साधारण एक अंशाचं आकाश दिसतं आणि ते ओलांडायला ताऱ्याला चारेक मिनिटं लागतात. दीडशेपट वर्धनाला तेच क्षेत्र एक तृतीयांश होतं आणि तारा ऐंशी सेकंदांत पार होतो. म्हणजे जास्त वर्धन लावलंत तर दर माणसाला दुर्बीण सरकवत बसाल. शनी-गुरू सोडले तर कमी वर्धनावरच चालवा. आणि लक्ष्य मधोमध न ठेवता पूर्वेच्या कडेला ठेवा, म्हणजे ते सरकत मध्ये येतं आणि दोन-तीन जणांचं बघून होतं.

आपोआप तारा शोधणाऱ्या दुर्बिणीबद्दल विचारलंत. एकट्या निरीक्षकाला ती सोयीची आहे. गर्दीत मात्र कुणाचा तरी पाय तिपाईला लागतो आणि तिचा सगळा हिशोब पुन्हा बसवावा लागतो, किंवा बॅटरी उतरते. डॉब्सोनियनला धक्का लागला तर परत ढकलून जागेवर आणायची, संपलं. ही मांडणी मुळात गर्दीसाठीच तयार झाली आहे. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. तिथे असतानाच त्यांनी साध्या, स्वस्त साहित्यातून दुर्बिणी बनवल्या, आणि १९६८ पासून त्यांचा गट फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखवू लागला.

रंगांचं उत्तर दुर्बिणीआधी द्या, नंतर नको. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत, आणि कॅमेरा मिनिटामिनिटांचा, कधी तासांचा उजेड साठवतो. आपला डोळा तसं साठवू शकत नाही. हे आधी सांगितलं की देवयानी दीर्घिकेचा राखाडी डाग बघून कुणी नाराज होत नाही. उलट सांगायचं की हा प्रकाश साधारण २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय आणि तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर येऊन थांबलाय. फोटोत ते होत नाही. थेट न बघता किंचित बाजूला बघायला शिकवा. दंडपेशी नजरेच्या मध्यबिंदूपासून बाजूला दाट असतात, त्यामुळे डाग एकदम मोठा दिसू लागतो. आणि रंग हवेच असतील तर ताऱ्यांचे दाखवा. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ दुर्बिणीत पिवळा आणि निळा असा सुटा होतो. मृगात काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा, तेही नुसत्या डोळ्यांनी.

प्रतिसाद २

ताईंनी सांगितलेलं सगळं पटलं. तारखेबद्दल मी थोडं लिहितो, कारण बरेच जण फक्त अमावस्येच्या मागे लागतात.

आकाशगंगा, तारकागुच्छ, तेजोमेघ दाखवायचे असतील तर चंद्र नको, हे खरं. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा होतो. त्यामुळे कृष्ण सप्तमी-अष्टमीपासून संध्याकाळचे तीन-चार तास अंधार मिळतो, आणि तो शुद्ध तृतीयेपर्यंत पुरतो. सूर्य क्षितिजाच्या अठरा अंश खाली गेल्याशिवाय खरा काळोख होत नाही, म्हणून वेळ सूर्यास्तानंतर सव्वा-दीड तासाने धरा.

पण लहान मुलांचा गट असेल तर मी मुद्दाम शुद्ध सप्तमी ते दशमी निवडतो. उजेड आणि सावलीच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात आणि चंद्र अक्षरशः हाताला लागेल असा वाटतो. अष्टमी-नवमीनंतर ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर उजेडात येतं, त्याच्या पायऱ्यांसारख्या भिंती आठ इंचीत छान दिसतात. पौर्णिमेला मात्र दुर्बीण लावू नका. ऊन डोक्यावर असल्याने सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं. चंद्र बघून झाल्यावर तोच डोळा काही वेळ अंधारात कामाचा राहत नाही, म्हणून चंद्र सगळ्यात शेवटी.

प्रश्नकर्ता

खूप उपयोगी पडतंय सगळं. गटाचे दोन भाग करायची कल्पना सुचलीच नव्हती, भाचीला सोबत घेतो, तिला आकाश चांगलं येतं.

आणखी तीन शंका. लहान मुलं डोळा लावतात, ‘दिसलं दिसलं’ म्हणतात आणि उतरतात, पण खरंच दिसलं का ते कळत नाही. दुसरं, तारे दाखवायला हिरवा लेझर घ्यावा का? आणि ऐन वेळी ढग आले तर?

प्रतिसाद ३ (पहिल्या प्रतिसादातल्या ताई)

मुलांचं तुम्ही नेमकं विचारलंत. मोठी माणसंही संकोचाने ‘दिसलं’ म्हणतात, मागे रांग असते ना. म्हणून मी ‘दिसलं का?’ असं कधी विचारत नाही. गुरू लावला असेल तर विचारते, ‘बाजूचे ठिपके मोज, डावीकडे किती, उजवीकडे किती?’ शनी असेल तर, ‘कडं आडवं आहे की तिरकं?’ उत्तर द्यायला थांबावंच लागतं, आणि उत्तर चुकलं तर कळतं की नेत्रिकेतून काहीच दिसत नाहीये. कारणं बहुतेक तीनच असतात. एक डोळा मिटता येत नाही, डोळा नेत्रिकेच्या मधोमध नाही, किंवा फोकस त्यांच्या डोळ्याला जुळत नाही. बऱ्याच मुलांना एक डोळा मिटताच येत नाही. त्यांना तळहाताने तो डोळा झाकायला सांगा, जोरात दाबू नका म्हणावं, की लगेच जमतं. जवळचं किंवा लांबचं दिसण्यासाठीचा साधा चष्मा काढून फोकस फिरवला तर चालतं. दृष्टिवैषम्य (सिलिंडरचा नंबर) असेल त्यांनी चष्मा ठेवूनच बघावं.

माणूस नेत्रिकेला हात लावतो, कारण अंधारात त्याला तोल जाईल अशी भीती वाटते. त्याला दुसरं काहीतरी धरायला द्या. दांडा असलेली छोटी शिडी शेजारी ठेवली की हात आपोआप तिथे जातो आणि दुर्बीण जागची हलत नाही. शिडीच्या पायऱ्यांना आणि दुर्बिणीच्या तळाला चमकणारी पट्टी लावा. ज्यांना चढता येत नाही किंवा चाकाच्या खुर्चीत बसलेत, त्यांच्यासाठी मी क्षितिजाजवळचं काहीतरी निवडते, कारण तेव्हा डॉब्सोनियनची नेत्रिका खाली येते. तेही जमत नसेल तर तिपाईवर बसवलेलं बायनॉक्युलर. कुणीतरी बघायचं राहून गेलं असं होऊ देऊ नका.

गुरू दिसत असेल तर तो सुरुवातीला एकदा आणि निघायच्या आधी पुन्हा दाखवा. बाजूच्या ठिपक्यांतला आयो, म्हणजे गुरूचा एक चंद्र, गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत फिरतो. तो गुरूच्या जवळून जात असला तर दोन-अडीच तासांत गुरूच्या रुंदीएवढा सरकलेला दिसतो. मुलांना सुरुवातीला कागदावर ठिपके काढायला लावा, शेवटी पुन्हा काढायला लावा. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच केलं होतं, रात्रीमागून रात्री ठिपक्यांची चित्रं काढत गेला आणि ते गुरूभोवती फिरताहेत हे त्याला त्या चित्रांवरून कळलं. मुलांच्या हातात त्यांनी स्वतः मिळवलेला पुरावा राहतो. माझ्यासाठी हा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

थंडी आणि दव यांचंही बघा. आरसा बाहेरच्या हवेशी जुळायला पाऊण ते एक तास लागतो, तोवर ग्रह उकळल्यासारखे थरथरतात. दुर्बीण संध्याकाळीच बाहेर काढा. तीस जणांच्या श्वासाने नेत्रिका धुरकट होते, तिला पुसत बसू नका. दुसरी नेत्रिका अंगाशी खिशात ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

आणि रास कोणती, भविष्य काय असे प्रश्न येतीलच. मी वाद घालत नाही. पृथ्वीचा अक्ष २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे सूर्य कोणत्या तारखेला कोणत्या ताऱ्यांपाशी असतो ते हळूहळू सरकत जातं, हे सांगते आणि माणसाला त्याच्या राशीचे खरे तारे दाखवते. वृश्चिकाची नांगी किंवा सिंहाचं विळ्यासारखं डोकं एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढचे प्रश्न ताऱ्यांबद्दलच येतात.

प्रतिसाद ४

लेझरचं मी सांगतो. उपयोग प्रचंड आहे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा झोत हवेतल्या कणांवरून विखुरतो आणि बोट थेट ताऱ्याला टेकवल्यासारखं दिसतं. पण ५ मिलिवॉटच्या वरचा घेऊ नका. स्वस्त लेझरवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास नको, काहींमधून डोळ्याला न दिसणारं इन्फ्रारेडही बाहेर पडतं. वापरण्याआधी तुमच्या भागातले नियम बघून घ्या. विमान दिसत असेल तोवर बंद, कारण वैमानिकाचे डोळे दिपतात. आणि तो फक्त दाखवणाऱ्याच्या हातात, मुलांच्या हातात एक सेकंदही नाही. काम झालं की खिशात, टेबलावर ठेवायचा नाही.

ढगांसाठी नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहा: ढग असले तर काय होईल, दुसरी तारीख मिळेल की नाही. अर्धवट ढग असतील तर रद्द करू नका. फटींतून ग्रह आणि तेजस्वी तारे दिसतात, फक्त वर्धन आणि यादी कमी करायची. पूर्ण झाकलं तर दुर्बीण उघडून आरसा दाखवा. तिची आतली रचना बघायला मिळणं मुलांना फार आवडतं, आणि लांबच्या झाडावर ती लावून फोकस करायला शिकवता येतं. मात्र ही तालीम सूर्य मावळल्यावरच. दिवसाउजेडी दुर्बीण कधीही झाकण न लावता एकटी सोडू नका. कुतूहलाने कुणी ती सूर्याकडे वळवली तर क्षणात डोळा जातो.

संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जाणार असेल तर त्या वेळेवरून कार्यक्रम सुरू करा. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते फार तर सहा मिनिटं दिसतं, आणि कधी कधी आकाशाच्या मध्यावरच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतं. वेळा आधी कळतात. ‘आता पश्चिमेला बघा’ म्हटलं आणि ते खरंच उगवलं, की पुढचा अर्धा तास दुर्बिणीशिवाय आडवं पडून राहायला कुणी कुरकुर करत नाही.

प्रश्नकर्ता

यादी झाली. पहिला गट कृष्ण नवमीला घेतोय. अर्धा तास नुसते डोळे, वयाचे तारे आधीच लिहून ठेवलेत, मग दोन भाग आणि दुर्बिणीवर तीनच गोष्टी, त्यातला गुरू दोनदा. दांडा असलेली शिडी आज एकाकडून मागून आणली. लेझर सध्या घेत नाही, मुठीने मोजायला शिकवतो. ताई, एक शेवटचं: बायनॉक्युलर तीस जणांत फिरवताना पट्टा गळ्यात घालायलाच लावता का?

प्रतिसाद ५ (त्याच ताई)

हो, आधी पट्टा गळ्यात, मगच हातात द्यायचं. आणि दोन नळ्यांमधलं अंतर प्रत्येकाने स्वतः जुळवायचं, दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत. हे उजेड असतानाच एकदा सगळ्यांकडून करून घ्या. कृष्ण नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर येईल, तुम्हाला भरपूर अंधार आहे. कृत्तिका वर असतील तर बायनॉक्युलर आधी त्यांच्यावर लावा. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात मोजून घ्या, मग बायनॉक्युलरमधून मोजायला सांगा.